बोटीतील गोड्या पाण्याच्या पंपाचा स्विच : दिवा लागतो, पंप मात्र चालत नाही

दिवाळेकर (बेलापूर)

नमस्कार. आमची २६ फुटी फायबरची बोट सध्या दिवाळे कोळीवाड्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असून नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा खाडीत उतरवायची आहे. ही मासेमारीची बोट नाही. घरची माणसे आणि पाहुणे यांना घेऊन एलिफंटा किंवा मांडव्याच्या बाजूला जाण्यापुरतीच ती वापरली जाते. आतापर्यंत आम्ही पिण्याचे आणि हातपाय धुण्याचे पाणी कॅनमधून नेत होतो. या पावसाळ्यात नाळेकडच्या (पुढच्या टोकाकडच्या) बाकाखाली ८० लिटरची टाकी बसवली, तिच्याशेजारी १२ व्होल्टचा डायफ्राम पंप बसवला आणि तिथून एक पाइप बेसिनच्या नळाला व दुसरा पिछाडीच्या हँड शॉवरला नेला. पंपाच्या लेबलवर १२ व्होल्ट डीसी, कमाल ७ अँपिअर, फ्यूज १० अँपिअर आणि ४० पीएसआय (पाण्याचा दाब) असे छापलेले आहे.

बॅटरी १०० अँपिअर-अवरची असून ती पिछाडीला डिझेल इंजिनाच्या पेटीशेजारी आहे. सुकाणू मध्यभागी आहे आणि स्विच तिथल्याच फळीवर, २० मिलिमीटरच्या गोल छिद्रात बसवला आहे. हा स्विच गाडीच्या ॲक्सेसरीच्या दुकानातून आणलेला, आत लाल एलईडी असलेला आणि मागे तीन टर्मिनले असलेला आहे. जोडणी इमारतींची कामे करणाऱ्या ओळखीच्या एका वायरमनकडून करून घेतली. त्याने घरातली १.५ स्क्वेअर एमएमची वायर वापरली आणि बॅटरीची पॉझिटिव्ह एका टर्मिनलला, पंपाची लाल वायर दुसऱ्या टर्मिनलला जोडली. तिसरे टर्मिनल मोकळेच आहे. पंपाची काळी वायर सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला गेली आहे.

स्विच दाबला की एलईडी व्यवस्थित लागतो, पंप मात्र हूं की चूं करत नाही. वायरमनने पंपाच्या वायरी सोडवून त्यांच्या टोकांवर मल्टिमीटर लावला, तेव्हा ११ व्होल्टच्या थोडे वर आकडा आला. बॅटरीवर त्याच वेळी १२.६ होते. “सप्लाय येतो आहे, म्हणजे पंपच खराब आहे, बदलून आणा,” असे सांगून तो गेला. दुकानदार मात्र पंप परत घ्यायला तयार नाही. पंप खरोखरच खराब असेल का? आणि मुळात अशा व्यवस्थेचा स्विच कसा व कुठे जोडावा, याविषयीही जाणकारांनी सविस्तर सांगावे, कारण अजून सगळे उघडेच आहे आणि बदल करायचा झाल्यास आत्ताच करता येईल.

बारा व्होल्ट (ऐरोली)

पंप परत करायची घाई करू नका. तुमच्या वर्णनावरून पंप चांगला असण्याचीच शक्यता फार मोठी आहे आणि दोष स्विचमागच्या जोडणीत आहे.

दिवा असलेल्या या स्विचची तीन टर्मिनले म्हणजे सप्लाय (बॅटरीकडून येणारे), लोड (पंपाकडे जाणारे) आणि दिव्याचे निगेटिव्ह. स्विच दाबल्यावर सप्लाय आणि लोड एकमेकांना जोडले जातात. आतला एलईडी मात्र लोड आणि तिसऱ्या टर्मिनलच्या मध्ये बसवलेला असतो, म्हणून त्याला लागण्यासाठी तिसऱ्या टर्मिनलवर निगेटिव्ह द्यावे लागते. तुमच्या वायरमनने पंपाची लाल वायर लोडऐवजी या दिव्याच्या टर्मिनलवर जोडलेली दिसते, आणि तुम्ही मोकळे म्हणता ते टर्मिनल म्हणजे लोड. त्यामुळे बॅटरीतून निघालेला करंट स्विचमधून एलईडीत, एलईडीतून पंपाच्या मोटरमध्ये आणि तिथून निगेटिव्हला जातो. एलईडीसोबतचा रेझिस्टर काही मिलिअँपिअरच जाऊ देतो. एवढ्यावर दिवा छान लागतो, पण ५-७ अँपिअर मागणारी मोटर जागची हलणार नाही.

आता तुमच्या ११ व्होल्टविषयी, कारण खरी फसगत तिथेच झाली आहे. पंप सोडवून मीटर लावला, तेव्हा त्या वाटेने करंट जवळजवळ वाहतच नव्हता. डिजिटल मीटर इतका कमी करंट घेतो की मधल्या रेझिस्टरवर व्होल्टेज पडतच नाही, आणि म्हणून टोकांवर जवळपास पूर्ण व्होल्टेज दिसते. १२.६ आणि ११ यांच्यात जो दीड व्होल्टचा फरक आला, तो बहुधा त्या लाल एलईडीवरच अडकलेला आहे. वायर नुसती लांब किंवा बारीक असती, तर भार नसताना असा फरक दिसलाच नसता. पंप जोडलेला ठेवून, स्विच चालू करून पंपाच्या दोन वायरींवर मीटर लावा. आकडा शून्याच्या आसपास आला, तर माझे म्हणणे बरोबर आहे असे समजा.

मीटरपेक्षा सोपी परीक्षा म्हणजे गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब. त्याला दोन वायरी जोडून तो पंपाच्या जागी लावा. तो पावणेदोन अँपिअर घेतो, त्यामुळे वाट खरोखर मोकळी असेल तरच पेटतो. आणि पंपाची शंका कायमची मिटवायची असेल, तर पंप थेट बॅटरीला, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज ठेवून, काही सेकंद लावून पाहा.

टर्मिनले ओळखण्यासाठी रंगावर पूर्ण भिस्त ठेवू नका. पुष्कळदा निगेटिव्हचे टर्मिनल पितळी रंगाचे आणि उरलेली दोन चंदेरी असतात, पण सगळेच कारखाने हे पाळतात असे नाही. सगळ्या वायरी सोडवून मीटर कंटिन्युइटीवर ठेवा. स्विच चालू असताना ज्या दोन टर्मिनलांत बीप वाजतो आणि बंद केल्यावर थांबतो, ती सप्लाय आणि लोड, उरलेले दिव्याचे. त्या दोघांपैकी कोणते काय, हे ठरवण्यासाठी १ अँपिअरच्या फ्यूजमधून एकाला पॉझिटिव्ह द्या, दिव्याच्या टर्मिनलला निगेटिव्ह द्या आणि स्विच बंद ठेवा. स्विच बंद असूनही दिवा लागला, तर तुम्ही पॉझिटिव्ह लोडवर दिले आहे. त्याची जागा बदला. ही अदलाबदल तशीच राहिली तर पंप चालतो, पण दिवा रात्रंदिवस जळत राहतो आणि मग कोणी तरी स्विचच खराब म्हणून फेकून देतो.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्या. बॅटरीचे निगेटिव्ह नजरचुकीने लोडच्या टर्मिनलवर गेले, तर स्विच दाबताच सरळ शॉर्ट सर्किट होईल. तुमच्या वर्णनात बॅटरीजवळ फ्यूज असल्याचा उल्लेख नाही. तो नसेल, तर आधी तो बसवा आणि मगच पुढचे काही करा.

कोपरीकर (ठाणे पूर्व)

वरील निदानाशी मी सहमत आहे. मी नोकरीत असताना जहाजांवरील विद्युत व्यवस्थेचे काम केलेले असल्यामुळे फ्यूज आणि वायर यांविषयी थोडे सविस्तर लिहितो.

फ्यूज पंपाला वाचवण्यासाठी असतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात तो मुख्यतः वायरीला वाचवतो. १०० अँपिअर-अवरची बॅटरी शॉर्ट झाल्यास शेकडो अँपिअर सहज देते आणि १.५ स्क्वेअर एमएमची वायर त्यात लाल होऊन फायबरला आग लावू शकते. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला वायरीचा तुकडा पूर्णपणे बिनसंरक्षण असतो, म्हणून तो शक्य तितका आखूड हवा. लहान बोटींच्या विद्युत जोडणीसाठी अमेरिकेत वापरले जाणारे एबीवायसी संस्थेचे ई-११ हे मानक हे अंतर ७ इंच, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर इतकेच ठेवायला सांगते. वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून निघून सलग नळीतून गेली असेल तर ते ७२ इंचांपर्यंत चालते. फ्यूज सुकाणूच्या फळीवर, स्विचच्या शेजारी बसवण्याची पद्धत दिसायला सुटसुटीत असली, तरी तिथवरची सगळी वायर बिनसंरक्षण राहते.

आता वायरीची जाडी. तुमची बॅटरी पिछाडीला, स्विच मध्यभागी आणि पंप नाळेकडे आहे. २६ फुटी बोटीत वळणे धरून जाण्याची वाट ७ मीटर मानू. डीसीमध्ये येण्याची वायरही तितकीच मोजावी लागते, म्हणून एकूण लांबी १४ मीटर झाली. एक स्क्वेअर एमएम जाडीच्या तांब्याच्या एका मीटर तारेचा रोध सुमारे ०.०१७५ ओहम असतो. ७ अँपिअरला १.५ स्क्वेअर एमएमच्या वायरीत १.१४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, २.५ मध्ये ०.६९, ४ मध्ये ०.४३ आणि ६ मध्ये ०.२९. वर सांगितलेले मानक नेव्हिगेशन लाइटसारख्या महत्त्वाच्या सर्किटला ३ टक्के आणि इतर सर्किटला १० टक्के घट चालवून घेते. त्या हिशेबाने १.५ची वायर साडेनऊ टक्क्यांवर, म्हणजे कागदावर काठावर उत्तीर्ण होते. तरीही ती मी ठेवणार नाही. दिवसभर नांगर टाकून बसल्यावर बॅटरी १२ व्होल्टवर आलेली असते, सांध्यांची घट या हिशेबात धरलेलीच नाही, आणि पंपाला साडेदहा व्होल्ट मिळाले तर तो ४० पीएसआयपर्यंत पोहोचण्यासाठी धापा टाकत राहतो. ४ स्क्वेअर एमएम घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ६ची जाडी बिघडवत काही नाही, पण ती या छोट्या स्विचच्या लगमध्ये (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या तुकड्यात) नीट बसणार नाही.

स्विच पॉझिटिव्ह वायरीवरच हवा. निगेटिव्ह तोडूनही पंप बंद होतो हे खरे. पण मग पंपाची लाल वायर कायम जिवंत राहते. तळातल्या ओलाव्यात तिचे आवरण कुठे सोलले गेले, तर खाऱ्या पाण्यातून गळती सुरू होऊन बोटीच्या तळाचे धातूचे भाग, विशेषतः पाण्याखालचे कॉक आणि प्रोपेलरचा शाफ्ट, झपाट्याने झिजू लागतात.

घरातला बटण-स्विच वापरावा का, असे पुढे कोणी विचारेल म्हणून आत्ताच लिहून ठेवतो. त्यावर ६ अँपिअर, २४० व्होल्ट असे छापलेले असते, पण ते एसीसाठी. ५० हर्ट्झच्या एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि स्विच उघडताना पडणारी ठिणगी आपोआप विझते. डीसीला असा शून्य क्षण नसतो. शिवाय मोटर बंद होताना उलटा झटका देते. १२ व्होल्टला मोठी ज्योत धरत नाही, तरी संपर्कबिंदू जळत जातात आणि कधी चिकटूनही बसतात. स्विचवर १२ व्होल्ट डीसीला किमान १५ अँपिअर असे स्पष्ट छापलेले आहे की नाही, तेवढे पाहून घ्या.

वाशीगावचा पोर (वाशी)

मी तर म्हणेन की मध्ये रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकून मोकळे व्हा. सुकाणूवरच्या स्विचपर्यंत बारीक वायर पुरेल, कारण तिच्यातून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जाईल. बॅटरीपासून पंपापर्यंत जाड वायर सरळ तळातून न्यायची, रिले पंपाजवळ ठेवायचा. ३० नंबरवर फ्यूजमधून आलेली पॉझिटिव्ह, ८७ वरून पंप, ८६ वर स्विचकडून आलेली वायर आणि ८५ वर निगेटिव्ह. गाडीच्या हॉर्नला जे करतात तेच. आमच्या बोटीला असेच केले आहे आणि स्विचचा त्रास कधी झालेला नाही.

कोपरीकर (ठाणे पूर्व)

रिलेची जोडणी आपण अचूक सांगितली आहे, आणि २० अँपिअर घेणारा डेक धुण्याचा पंप असता तर मीही तेच सुचवले असते. मात्र ७ अँपिअरच्या पंपासाठी, जिथे स्विच स्वतःच १५ अँपिअर तोडू शकतो, तिथे रिले म्हणजे चार जादा सांधे आणि एक जादा सॉकेट. नाळेकडच्या बाकाखाली, पाण्याच्या टाकीला लागून असलेल्या जागेत सर्वांत आधी गंजणार तो सॉकेटच. दुसरे असे की गाडीच्या साध्या रिलेची कॉइल साधारण ०.१५ अँपिअर घेते. स्विच दिवसरात्र चालू राहिला, तर पंप एकदाही न फिरता चोवीस तासांत ३.६ अँपिअर-अवर खर्च होतील. १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीला हे फार नाही, पण बोट आठवडाभर धक्क्याला बांधून ठेवणाऱ्याला पुढच्या खेपेला इंजिन चालू करताना ते जाणवेल.

दिवाळेकर (बेलापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पंप जोडलेला असताना मोजले, तेव्हा आकडा शून्याच्या जवळ आला आणि थेट बॅटरीवर लावताच पंप व्यवस्थित फिरला. बॅटरीजवळ फ्यूज नव्हताच; तो आता बसवतो आहे आणि वायरही ४ स्क्वेअर एमएमची घालणार आहे.

आणखी तीन शंका आहेत. पहिली अशी की घरच्या मंडळींचा आग्रह आहे, बेसिनजवळही एक स्विच हवा, म्हणजे दर वेळी हात धुण्यासाठी सुकाणूपर्यंत यावे लागणार नाही. घरातल्या जिन्याच्या वायरिंगप्रमाणे दोन्हीकडून चालू-बंद करता येईल का? दुसरी, पंप इंजिनाच्या चावीतून घेतला तर तो विसरून चालू राहण्याचा प्रश्नच उरणार नाही, असे एका मित्राचे म्हणणे आहे. तिसरी, तळातले पाणी उपसणारा बिल्ज पंप याच नव्या वायरीवर आणि फ्यूजवर घेतला तर चालेल का, कारण त्याची जुनी वायरही जीर्ण झाली आहे.

बारा व्होल्ट (ऐरोली)

तिसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण त्यात बोट बुडण्याचा प्रश्न आहे. नाही, बिल्ज पंप यावर मुळीच घेऊ नका. गोड्या पाण्याच्या पंपात कचरा अडकून फ्यूज गेला, तर त्याच क्षणी बिल्ज पंपही मेला. त्याला स्वतःचा फ्यूज आणि स्वतःची वायर हवी, आणि त्याच्या फ्लोट स्विचची (तळात पाणी चढले की आपोआप जोडल्या जाणाऱ्या स्विचची) वाट मुख्य बॅटरी स्विचच्या आधीच घ्यावी, म्हणजे तुम्ही सगळे बंद करून घरी गेलात आणि रात्री मुसळधार पाऊस झाला, तरी तो आपला आपण चालू होईल.

आता बेसिनजवळच्या स्विचविषयी. तुमच्या पंपावर ४० पीएसआय लिहिले आहे, म्हणजे त्याच्या डोक्यात प्रेशर स्विच आहे. पंपाच्या डोक्याच्या टोकाला स्क्रूने बसवलेली एक छोटी डबी दिसेल आणि तिला दोन वायरी गेलेल्या असतील, तोच तो. नळ बंद असताना पाइपमध्ये दाब वाढत जातो, ४० पीएसआयला हा स्विच मोटर तोडतो, आणि नळ उघडून दाब ठरावीक मर्यादेखाली आला की पुन्हा जोडतो. म्हणजे सुकाणूवरचा स्विच सकाळी एकदा चालू केला की पुढे नळ उघडणे एवढेच काम उरते. घरच्या मंडळींना कुठेही जावे लागणार नाही. तुमचा पंप नळांसह नीट जोडून अजून चाललेलाच नसल्यामुळे हा अनुभव आलेला नाही, इतकेच.

तरीही दोन स्विच हवेच असतील, तर जिन्याचे वायरिंग डीसीवरही तसेच चालते. फक्त एक सापळा आहे. दिव्याचा तीन टर्मिनलांचा स्विच आणि टू-वे स्विच मागून अगदी सारखे दिसतात. टू-वे स्विचमध्ये मधले टर्मिनल कॉमन आणि बाजूची दोन आळीपाळीने जोडली जाणारी असतात. तुमच्याकडच्या स्विचचे तिसरे टर्मिनल मात्र फक्त दिव्याचे आहे. तो टू-वे म्हणून वापरायला गेलात, तर पुन्हा पहिल्यासारखीच गंमत होईल. शिवाय मध्ये बंद अवस्था असलेला ऑन-ऑफ-ऑन स्विचही इथे उपयोगाचा नाही. माझा सल्ला विचाराल, तर टू-वे करूच नका. त्यात स्विचच्या दांडीकडे पाहून पंप चालू की बंद हे कळत नाही, आणि बोटीवर ते कळणेच महत्त्वाचे आहे.

कारण हा प्रेशर स्विच बिचारा एवढेच जाणतो की दाब आहे की नाही. कुठे पाइप क्लिपमधून निसटला किंवा टाकी रिकामी झाली, तर दाब कधीच तयार होत नाही, आणि पंप फिरतच राहतो. टाकीत पाणी असले तर ८० लिटर पाणी बोटीच्या तळात जाते. नसले तर कोरडा पंप बॅटरी खात बसतो. म्हणून बोटीवरून उतरताना सुकाणूवरचा स्विच बंद करणे आवश्यक आहे आणि त्याचा लाल दिवा जाता जाता नजरेस पडेल अशा जागी असावा. तुमची जागा त्या दृष्टीने योग्य आहे.

चावीतून पंप घेण्याची कल्पना मला पटत नाही. नांगर टाकून बसल्यावरच पाणी लागते आणि तेव्हा इंजिन बंद असते. नळासाठी चावी चालू ठेवली, तर इंजिनाचे मीटर, बझर आणि बाकीचा पसाराही चालू राहील.

बंदर रोड (ठाणे पश्चिम)

चर्चा उत्तम चालली आहे. साहित्याविषयी दोन गोष्टींची भर घालतो.

घरातल्या वायरीत तांबे उघडे असते. आपल्या खाडीच्या हवेत, त्यातही पावसाळ्यात, कापलेल्या टोकापासून ओल केशाकर्षणाने आत शिरते आणि आवरण सोलून पाहिल्यास हातभर आतपर्यंत तार काळी-हिरवी झालेली सापडते. त्या काळ्या तारेवर नवा लग दाबला तरी सांधा धरत नाही. यासाठी टिन्ड कॉपर, म्हणजे प्रत्येक तारेला कथिलाचा मुलामा दिलेली वायर घ्यावी. ती महाग पडते, पण १४-१५ मीटरच लागणार आहे. मुंबईतल्या लोहार चाळीत चौकशी करा. दुकानदाराला बोटीसाठीची टिन्ड वायर असे स्पष्ट सांगा आणि टोक सोलून तार चंदेरी आहे की नाही ते स्वतः पाहा. सांधे नुसते पिळून टेप गुंडाळलेले नकोत, आणि नुसत्या सोल्डरिंगवरही विसंबू नका, कारण इंजिनाच्या थरथरीने सोल्डर जिथे संपते तिथेच तार तुटते. लग नीट क्रिम्प करावा (अवजाराने दाबून बसवावा) आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवावी. आतला गोंद वितळून दोन्ही टोकांना थोडासा बाहेर आलेला दिसला, की सांधा बंद झाला असे समजावे.

दुसरी गोष्ट रंगांची. इंटरनेटवरच्या परदेशी आकृत्यांमध्ये बोटीची डीसी निगेटिव्ह वायर पुष्कळदा पिवळी दाखवतात. आपल्याकडे लाल, पिवळा आणि निळा हे तीन फेजचे रंग आहेत, आणि उद्या धक्क्यावरून २३० व्होल्टचा चार्जर आणला, तर कोणताही स्थानिक वायरमन पिवळ्या वायरीला फेज समजेल. तुमच्या बोटीत निगेटिव्हला काळीच ठेवा आणि दोन्ही टोकांना ‘गोडे पाणी, १२ व्होल्ट डीसी’ अशी पट्टी लावा.

तुमचे इंजिन डिझेलचे आहे, म्हणून प्रश्न नाही. हा धागा वाचणाऱ्या पेट्रोल आउटबोर्डवाल्यांनी मात्र पेट्रोलच्या टाकीच्या कप्प्यात साधा स्विच, रिले किंवा साधा पंप यांपैकी काहीही बसवू नये. या सगळ्यांत ठिणगी पडते आणि पेट्रोलची वाफ जड असल्यामुळे तळाशी साचून राहते.

दिवाळेकर (बेलापूर)

काम पूर्ण झाले आहे. बॅटरीपासून वीतभर अंतरावर १० अँपिअरचा फ्यूज, तिथून ४ स्क्वेअर एमएमची टिन्ड वायर, सप्लाय आणि लोड तपासून जोडलेला स्विच, दिव्याच्या टर्मिनलला स्वतंत्र बारीक निगेटिव्ह वायर आणि पंपाची काळी वायर निगेटिव्ह बसबारवर (सगळ्या निगेटिव्ह वायरी एकत्र येतात त्या पट्टीवर). दिवा स्विचबरोबरच लागतो आणि विझतो. बेसिनजवळच्या स्विचचा विषय नळ उघडताच पंप आपोआप चालू झालेला पाहून घरच्यांनीच सोडून दिला. बिल्ज पंपाला वेगळी वायर टाकली.

दोन गोष्टी मात्र खटकतात. शॉवर पूर्ण उघडून पंप चालू असताना बॅटरीवर १२.५ आणि पंपाच्या टोकांवर १२.० व्होल्ट येतात. कोपरीकर काकांच्या हिशेबापेक्षा घट किंचित जास्त आहे. आणि सगळे नळ बंद असतानाही दर काही मिनिटांनी पंप क्षणभर ‘गुर्र’ करून थांबतो.

कोपरीकर (ठाणे पूर्व)

माझा हिशेब कमाल ७ अँपिअरचा होता. शॉवर पूर्ण उघडा असताना दाब कमी असतो, त्यामुळे पंप त्याहून कमी, कदाचित ५ अँपिअरच्या आसपास घेत असेल. म्हणजे वायरीतील घट ०.३ व्होल्ट असायला हवी आणि उरलेले ०.२ व्होल्ट कुठल्या तरी सांध्यात जात आहेत. पंप चालू ठेवूनच मीटरची दोन टोके प्रत्येक सांध्याच्या अलीकडे-पलीकडे लावून पाहा: फ्यूज होल्डरच्या दोन बाजू, स्विचचे सप्लाय आणि लोड, बसबारचा स्क्रू. चांगल्या सांध्यावर काही मिलिव्होल्टच दिसतील, जिथे ०.१च्या वर आकडा येईल, तिथे दोष आहे. स्वस्त फ्यूज होल्डरच्या पत्त्या सैल असतात, म्हणून सुरुवात तिथून करा आणि पंप थोडा वेळ चालल्यावर होल्डरला हात लावून पाहा. कोमट लागला तर तो बदला.

बारा व्होल्ट (ऐरोली)

आणि तो ‘गुर्र’ विजेचा दोष नाही. पाइपमधला दाब हळूहळू उतरतो आहे, म्हणजे कुठे तरी थेंब थेंब गळती आहे किंवा पंपाच्या आतल्या व्हॉल्व्हमधून पाणी टाकीकडे परत जाते आहे. सांध्यांना कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून अर्धा तास ठेवा. जो ओला होईल तिथली क्लिप आवळा. सगळे कोरडे राहिले, तर पंपाचे डोके उघडून व्हॉल्व्हखाली टाकीतला प्लॅस्टिकचा कीस अडकला आहे का, ते पाहा. नवीन टाकीला छिद्रे पाडल्यावर तो आत राहतोच. पंपाच्या अलीकडे गाळणी बसवली नसेल, तर त्याच वेळी बसवून घ्या.

दिवाळेकर (बेलापूर)

फ्यूज होल्डरवर ०.१७ व्होल्ट सापडले आणि तो हाताला कोमटही लागला. बदलल्यावर एकूण घट ०.३ वर आली. टिश्यू शॉवरच्या पाइपच्या क्लिपखाली ओला झाला. क्लिप आवळल्यापासून पंप शांत आहे. गाळणी उद्या आणतो.